ऑईल कूलरचा थर्मोस्टॅट परत जोडताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी सांगून टाकतो, मी शिकलेला मेकॅनिक नाही. कुडाळच्या बाजूला राहतो, एक जुनी पेट्रोल जीप आहे, तिला बाहेरून ऑईल कूलर बसवलाय कारण आंबोली चढताना मे महिन्यात तेल फार तापायचं. त्या कूलरचा थर्मोस्टॅट मी स्वतः तीनदा खोलला आणि त्यातल्या पहिल्या वेळी चुकीचा जोडला. तेव्हापासून ओळखीतले सगळे हेच विचारत असतात, मिरगाआधी जास्त आणि गणपतीआधी तर विचारूच नका. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

हा थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरला असतो तोच ना?

नाही. तो पाण्याचा, हा तेलाचा. काम सारखंच पण जागा वेगळी. इंजिनातून गरम तेल येतं, ते कूलरकडे पाठवायचं की तिथूनच परत इंजिनात वळवायचं हे हा ठरवतो. तेल गार असताना कूलरची वाट जवळजवळ बंद असते आणि बायपासची वाट उघडी. तेल तापलं की उलट होतं. काही गाड्यांना तो तेलाच्या फिल्टरच्या हाउसिंगमध्येच, म्हणजे बाहेरच्या कवचातच असतो, काहींना वेगळा डबा असतो पाइपांच्या मध्ये, आणि बाहेरून कूलर लावलेल्यांना इंजिन आणि फिल्टरच्या मध्ये जी जाड चकती बसते तिच्या आत असतो. माझा तसलाच आहे. बऱ्याच गाड्यांना तर ऑईल कूलर असूनही तेलाचा थर्मोस्टॅट नसतोच, त्यांचं तेल इंजिनच्या पाण्यावरच गार होतं, त्यामुळे आधी तुमच्या गाडीला तो आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा आणि मगच पाना हातात घ्या.

आत काय असतं? बॅटरी नाही वायर नाही, मग त्याला कळतं कसं?

मेण असतं. पितळेच्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं, तापलं की वितळतं आणि फुगतं, फुगलं की मधली पिन बाहेर ढकलतं, पिनेमुळे व्हॉल्व्ह सरकतो. आपल्याकडे कोकमाचं तेल, मुठेल म्हणतो ते, घट्ट गोळा असतं आणि टाचेला चोळायला तव्यावर जरा धरलं की पातळ होतं ना, तसंच. फक्त इथलं मेण असं निवडलेलं असतं की ते ठराविक डिग्रीलाच वितळतं, बहुतेक ८० ते ८५ च्या आसपास, काही गाड्यांना जास्त. आकडा बऱ्याचदा त्याच्या अंगावरच कोरलेला असतो, डिझेलने पुसून उन्हात धरून बघा. ही मेणाची आयडिया सर्जियस व्हर्नेट नावाच्या माणसाची, १९३४ सालची, आणि अजून तीच चालते.

पण एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मेण ढकलतं, ओढत नाही. गार झाल्यावर पिन परत आत न्यायचं काम स्प्रिंगचं.

खोलताना काय काळजी घ्यायची?

तेल काढून टाका किंवा निदान खाली ट्रे ठेवा, गाडी पूर्ण गार होऊ द्या. झाकण सर्क्लिपवर (खाचेत बसणारी स्टीलची कडी) असो नाहीतर बोल्टवर, आतली स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून शेवटचा आटा सुटताना झाकणावर अंगठा ठेवा नाहीतर भाग उडून कुठे जाईल सांगता येत नाही. माझ्या मित्राची पिन उडाली ती अंगणातल्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटीत गेली, अर्धा दिवस लोहचुंबक फिरवला आणि मग लक्षात आलं की पितळेची आहे.

मी करवंट्या वापरतो. पाच-सहा करवंट्या ओळीत मांडायच्या, जो भाग पहिला निघाला तो डावीकडच्या पहिल्या करवंटीत, दुसरा दुसऱ्या, असं. ज्या तोंडाने बाहेर आला त्याच तोंडाने ठेवायचा. शिवाय प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो. फोटोत बाण असलेला किंवा आकडा असलेला भाग दिसला पाहिजे, नुसता काळा तेलकट खड्डा काढून उपयोग नाही.

कोणती बाजू कुठे? हाच माझा मेन प्रश्न आहे

सगळ्यांचा हाच असतो. मेणाची डबी, म्हणजे तो जाडसर गोल भाग, इंजिनातून येणाऱ्या गरम तेलात बुडली पाहिजे. कारण तिला तेलाची धग लागली तरच ती फुगणार. पिनेचं टोक सहसा झाकणाच्या आतल्या खळगीत टेकतं. हे डिझाइनप्रमाणे बदलतं, पण डबी गरम तेलाच्या वाटेत हे कधी बदलत नाही. त्यामुळे शंका आली की आधी इंजिनातून तेल कुठल्या भोकातून येतं ते शोधा, हाउसिंगमध्ये बोट घालून किंवा तारेचा तुकडा घालून वाट कुठे निघते ते तपासा, आणि मग डबी कुठे यायला हवी ते आपोआप कळतं.

उलटा बसला तर? सावंतवाडीच्या एका ओळखीच्यांची गाडी होती, कुठल्या तरी गॅरेजमध्ये उलटा बसवून दिला होता. डबी अशा कोपऱ्यात गेली जिथे तेल फिरतच नव्हतं. सपाटीला काही कळलं नाही. आंबोलीचा चढ लागला, वर पोचेपर्यंत तेल इतकं पातळ झालं की थांबून न्यूट्रलला आल्यावर प्रेशरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. त्यांनी ऑईल पंप बदलायला काढला होता, हजारोंचं काम. मी म्हटलं थांबा जरा, आधी कूलरला हात लावून बघू. इंजिन भट्टी आणि कूलर गार. मग काय, झाकण खोललं.

दोन स्प्रिंगा निघाल्यात, कोणती कुठली?

इथे बरेच जण फसतात. बऱ्याच हाउसिंगमध्ये थर्मोस्टॅटशिवाय एक प्रेशर व्हॉल्व्ह पण असतो, गोळी किंवा छोटी टोपी आणि तिच्यामागे स्प्रिंग. त्याचं काम वेगळं: तेल गार आणि घट्ट असताना कूलरवर फार दाब आला तर तो उघडून तेल बाजूने जाऊ देतो, म्हणजे कूलर फुटत नाही. ह्या दोन्ही स्प्रिंगा दिसायला जुळ्या बहिणी पण कडकपणा वेगळा असतो. आदलाबदल झाली तर दोन्ही व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडतात आणि लक्षणं अशी विचित्र येतात की तुम्ही वेडे व्हाल. म्हणून एका वेळी एकच झाकण खोला. पहिलं पूर्ण बंद करून मगच दुसरं. आणि दोन्ही आधीच खोलून एकत्र झाल्या असतील तर अंदाजाने बसवू नका, तारेची जाडी आणि लांबी मोजा आणि पार्ट नंबरने मिळवून घ्या.

एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद अशी स्प्रिंग असेल तर जिथे तिला बसायला खाच दिसते ते टोक बघून बसवा, तिथे जुन्या घासल्याची गोल चकाकी असते.

तुम्ही पहिल्यांदा काय चुकवलंत?

सांगतो. जुलै महिना, मुसळधार, मी पडवीत बसून थर्मोस्टॅट साफ केला. भाग चिंधीत गुंडाळून ठेवले होते, तेव्हा करवंट्यांची अक्कल नव्हती आली. जोडलं सगळं, गाडी चालू, गळती नाही, मी खूश. दहा-बारा दिवसांनी तेलाचं झाकण उघडलं तर आतून पांढरट पिवळी साय, दह्यावर येते तशी. काळजात धस्स झालं, म्हटलं हेड गॅसकेट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं, तेलात पाणी मिसळतंय. हेड उतरवायला माणूस पण ठरवला.

तो म्हातारा मेकॅनिक आला, हेडकडे बघितलंच नाही. रेडिएटरचं पाणी कमी झालंय का विचारलं, नव्हतं झालं. मग विचारलं शेवटचं काय खोललं होतंस, मी सांगितलं, तर म्हणतो, "मगे स्प्रिंग खंय आसा ती?" घरात जाऊन ती चिंधी झटकली. टण्णकन् जमिनीवर पडली.

झालं असं होतं की परतीची स्प्रिंगच नव्हती. पहिल्यांदा तेल तापलं तेव्हा पिन बाहेर आली, व्हॉल्व्ह कूलरकडे उघडला, तो तसाच राहिला. त्यानंतर रोज सकाळी गार तेल थेट पावसातल्या गार कूलरमधून फिरत होतं. बाजारात जाऊन यायचं, पाच-सहा किलोमीटर, तेवढ्यात ते कधी तापतच नव्हतं. इंजिनात हवेतला ओलावा येतोच, आमच्याकडे पावसात तर भिंतींनाही घाम येतो, आणि तेल नीट तापलं तर तो ओलावा वाफ होऊन निघून जातो. तापलंच नाही तर तो तेलात घुसळला जाऊन ती साय बनते.

मग झाकणाखाली साय दिसली म्हणजे थर्मोस्टॅटच समजायचं?

असं नाही. पावसात छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या चांगल्या गाडीलाही थोडी दिसते, पुसून काढा आणि एक दिवस कणकवलीपर्यंत न थांबता जाऊन या, नाहीशी होते का बघा. डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवर, पण दुधी तेल आलं, पाणी कमी होतंय, सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर येतोय, असं असेल तर गॅसकेट किंवा पाण्यावर चालणारा कूलर आतून फुटलाय का ते तपासा आणि गाडी चालवू नका.

परत बसवण्याआधी चालतोय की नाही ते घरी कसं बघायचं?

टोपात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून आत लोंबकळत सोडा, तळाला टेकू देऊ नका कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. शेजारी थर्मामीटर, पाकाचा मिळतो तो चालतो. मंद आचेवर हळूहळू तापवा, घाई केली तर मेण मागे राहतं आणि आकडा चुकीचा दिसतो. कोरलेल्या डिग्रीच्या आसपास पिन हलायला लागली पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा डिग्रीत काही मिलिमीटर बाहेर आली पाहिजे. मग बाहेर काढून वाऱ्यावर गार करा आणि चिंधीत धरून अंगठ्याने पिन दाबा, सुरळीत आत गेली पाहिजे. नुसती डबी असेल तर पिन आपली आपण आत जाणार नाही, ते बिघाड नव्हे, स्प्रिंग नाही म्हणून.

उकळत्या पाण्यातही ढिम्म हलली नाही तर मेण गळून गेलंय, नवीन घ्या, दुरुस्ती नाही त्याला. ज्याचा आकडाच ९०-९५ च्या आसपास आहे तो पाण्यात पूर्ण उघडलेला दिसणार नाही, हलायला लागला एवढंच बघा, आणि १०० च्या पुढचा असेल तर पाण्यात हलणारच नाही. कुणी सांगेल तेल तापवून टेस्ट कर, अजिबात करू नका, घरात आग लागेल. टेस्ट झाली की पाण्याचा थेंबही न ठेवता सुकवा आणि तो टोप परत स्वयंपाकघरात ठेवण्याआधी दहादा घासा, आमच्याकडे अजून त्यावरून ऐकून घ्यावं लागतं.

थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर? आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?

हा प्रश्न प्रत्येक उन्हाळ्यात येतो आणि पटायला पण बरा वाटतो. पण बायपासवाल्या हाउसिंगमधून नुसती डबी काढली तर दोन्ही वाटा उघड्या राहतात, आणि तेल काय करेल? सोप्या वाटेने जाईल. बायपासची वाट आखूड, कूलरची वाट लांब आणि बारीक नळ्यांची. म्हणजे बहुतेक तेल कूलरला न जाताच परत येईल आणि गाडी जास्त तापेल. व्हॉल्व्ह तापल्यावर बायपास बंद करतो म्हणूनच तेल नाइलाजाने कूलरकडे जातं. आणि बायपास कायमचा बुजवला तर वर सांगितलेली जुलैची साय. आपल्याला मे महिन्यातला घाट पण आहे आणि श्रावणातला बाजार पण आहे, दोन्हीसाठी तो लागतो.

ओरिंग (झाकणाखालची रबरी सीलची रिंग) जुनीच वापरली तर चालेल?

नको. पन्नास-शंभर रुपयांसाठी सगळं तेल रस्त्यावर सांडेल. जुनी ओरिंग हातात घेऊन वाकवा, बारीक चिरा दिसतील, एका बाजूने चपटी झालेली असेल. नवीन घेताना साईज जमली म्हणून उचलू नका, मटेरियल विचारा. गरम तेलाला व्हिटॉन सगळ्यात बरं, नायट्राइल पण बऱ्याच ठिकाणी कंपनीच वापरते. ब्रेकच्या कामाची ईपीडीएम रबराची रिंग चुकूनही नको, ती तेलात फुगून मऊ होते. आणि रंगावरून ठरवू नका, हिरवी म्हणजे व्हिटॉन असं दुकानदार सांगतो पण एसीच्या रिंगा पण हिरव्या असतात.

बसवताना तिला स्वच्छ इंजिन ऑईल चोपडा, खाचेत पीळ न पडता बसली का ते बोट फिरवून बघा.

बरोबर थोडं सिलिकॉन लावू का, सेफ्टी म्हणून?

नाही नाही नाही. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला बाहेर येतं, तुटतं, तेलाबरोबर फिरतं आणि बारीक वाटेत अडकतं. टेफलॉन टेपचं पण तेच, तिचे धागे निघतात. जिथे वायसर किंवा ओरिंगवर सील होतं तिथे आटे सील करत नसतात, मग आट्यांना टेप कशाला.

तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की परत मऊ होतो, अडीअडचणीला चालतो. ॲल्युमिनियमचा मात्र नवीनच.

बोल्ट किती घट्ट?

मॅन्युअलमध्ये आकडा असतो तो पाळा. छोट्या एम६ बोल्टना ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये साधारण ८ ते १० न्यूटन मीटर, म्हणजे आखूड पान्याने मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. आलटून पालटून समोरासमोरचे आवळा. सर्क्लिप असेल तर तिची एक बाजू धारदार आणि एक गोलसर असते, धारदार बाजू बाहेर, ज्या दिशेला स्प्रिंग ढकलते त्या दिशेला, आणि बसल्यावर फिरवून बघा की खाचेत पूर्ण गेलीय.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचं वेगळंच दुखणं. मालवण, वेंगुर्ला, देवगड इथल्या खाऱ्या हवेत लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असे धरतात की फिरवायला गेलं की डोकं तुटून हातात. दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंजावरचा स्प्रे मारा, जोर नका लावू, थोडं आवळून मग थोडं सोडा असं करत करत काढा. हाउसिंगवर पांढरी पूड असेल आणि ओरिंग बसते तिथेच खड्डे पडले असतील तर कितीही नवीन रिंग टाका, गळणारच.

जोडून झालं, आता लगेच चालू करू?

थांबा. तेल भरा. मग प्लगचा स्पार्क किंवा डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर थोडा थोडा मारा, पाच-सात सेकंद मारा आणि थांबा, प्रेशरचा दिवा जाईपर्यंत. मग चालू करा, खाली वाकून बॅटरीच्या उजेडात सगळे जोड बघा.

आता सगळ्यांची चूक होते ती इथे. गार असताना थर्मोस्टॅट बंद, म्हणजे कूलर अजून जवळजवळ रिकामाच. डिपस्टिक फुल दाखवते आणि लोक निघतात. तेल तापून व्हॉल्व्ह उघडला की कूलर आणि पाइप तेल ओढून घेतात, आणि लेव्हल खाली जाते. म्हणून एकदा व्यवस्थित तापेपर्यंत फिरवून आणा, सपाट जागेवर बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, परत लेव्हल बघा आणि लागेल तेवढं टाका.

नीट चालतोय हे कसं कळणार?

कूलरकडे जाणाऱ्या पाइपवरून. चालू केल्यावर सुरुवातीला तो गारच राहतो किंवा किंचित कोमट, आणि इंजिन चांगलं तापल्यावर मग भराभर गरम होतो. हा फरक दिसला की जिंकलात. पहिल्या मिनिटापासून इंजिनबरोबर तापत गेला तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. घाट चढून आल्यावरही गार असेल तर उघडतच नाहीये. हात लावू नका, भाजेल, टेम्परेचरची गन मिळते ती मारा. आणि घाटात तापतेय, पाइप पण गरम आहे, असं असेल तर थर्मोस्टॅट निर्दोष, कूलरच्या जाळीत लाल माती बसलीय का बघा. आमच्याकडे जांभ्याची माती ओली असताना बसते आणि सुकली की विटेसारखी होते. मागच्या बाजूने पुढे असं हलक्या पाण्याने धुवा, प्रेशर गनने पात्या वाकतात.

काढलेलं जुनं तेल कुठे टाकायचं?

व्हाळात नाही, माडाच्या मुळात नाही, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात ते पण नाही. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, त्यांच्याकडून जुनं तेल घेऊन जाणारे येतात.

सगळं बसलं, गाडी पण चालू आहे, पण एक वायसर उरलाय. चालेल का?

नवीन वायसर टाकला होतात का? मग तो जुना असेल, दोन्ही शेजारी ठेवून बघा, जुन्याला दाबल्याची गोल रेघ असते. रेघ नसेल तर उघडा परत.